पाणी, रस्ता आणि आपला देह : मावळातून ट्रायथलॉनकडे

फेब्रुवारीची पहाट होती. लोणावळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर धावण्याची एक मोठी स्पर्धा चालली होती. कपाळाला दिवे बांधलेले धावपटू अंधारातून यायचे, टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलायचे, दोन घोट घ्यायचे आणि ग्लास टाकून पुढे जायचे. टेबलामागे आमच्या ओळखीची आठ-दहा पोरं उभी होती. वस्तीतलीच. एक टी-शर्ट, नाश्ता आणि दिवसाची थोडीशी मजुरी यावर आलेली. आम्ही त्यांना सहज भेटायला गेलो होतो आणि तिथेच बराच वेळ उभे राहिलो.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर ज्यांना ओंजळभर पाण्यासाठी मार खावा लागला, त्यांची पणतवंडं सगळ्या जातींच्या माणसांना पाणी पाजत होती आणि ग्लास कुणी भरला हे कुणी विचारत नव्हतं. हा बदल लहान नाही. तो संघर्षातून आलेला आहे आणि त्याचा अभिमान बाळगलाच पाहिजे. पण टेबलाच्या कोणत्या बाजूला कोण उभा आहे, हेही आम्हाला दिसत होतं. धावणारे एका बाजूला, पाणी देणारे दुसऱ्या बाजूला. पाणी देणाऱ्यांपैकी किती जणांना धावता येत होतं? जवळजवळ सगळ्यांना. त्यातला एक मुलगा रोज पहाटे सायकलवर पेपरची लाईन टाकतो आणि संध्याकाळी पोलीस भरतीसाठी पळण्याचा सराव करतो. एका धावपटूच्या पाठीवर ‘ट्रायथलॉन’ असं लिहिलेलं वाचून त्यानेच आम्हाला विचारलं, "दादा, हे काय असतं?"

आम्ही सांगितलं. आधी पोहायचं, मग सायकल मारायची, मग धावायचं. मध्ये विश्रांती नाही.

तो हसला. म्हणाला, "मागचं दोन्ही आपण रोजच करतो. पण पोहायला येत नाही. घरचे पाण्याजवळ जाऊ देत नाहीत."

हा लेख त्या एका वाक्यावर आहे.

खेळ काय आहे?

आधी खेळ समजून घेऊ. पोहणं, सायकल आणि धावणं हे तिन्ही सलग, त्याच क्रमाने. सर्वांत प्रचलित लहान प्रकार म्हणजे स्प्रिंट : ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. याच्या दुप्पट ऑलिम्पिक अंतर : दीड, ४० आणि १० किलोमीटर. २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकपासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. त्याच्या पुढे अर्धं आयर्नमॅन, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट. १९७८ मध्ये हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा सुरुवात करणारे अवघे १५ जण होते. आज तो जगभरच्या वरच्या मध्यमवर्गाचा आवडता छंद आहे. पुण्या-मुंबईत कंपनीतला अधिकारी चाळिशीत आला की ट्रायथलॉनची तयारी सुरू करतो आणि ती बातमी होते.

म्हणून आपल्याकडे या खेळाचं नाव काढलं की पहिली प्रतिक्रिया येते, "हे श्रीमंतांचे चोचले." त्यात तथ्य आहे. कार्बनची सायकल लाखाच्या पुढे जाते. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे लाखाची सायकल ही ३२० दिवसांची मजुरी झाली, आणि हमी होती १०० दिवसांची. हे गणित आम्ही विसरलेलो नाही.

पण आमचं म्हणणं असं आहे की सायकल हा खरा अडसर नाही. लहान अंतराची स्पर्धा साध्या सायकलवरही पूर्ण करता येते. ब्रेक धड असले, हेल्मेट असलं आणि टायर चांगले असले की झालं. सायकल उसनी मिळते. बूट वर्गणीतून घेता येतात. पण पोहणं उसनं मिळत नाही. ते देहात असावं लागतं, आणि ते आपल्या देहात का नाही, याला इतिहास आहे.

विहीर कुणाची होती?

महाराष्ट्रातल्या खेड्यात पोरं पोहायला शिकली ती विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा, चुलत्याने वरून ढकलून द्यायचं, दोन-चार वेळा नाकातोंडात पाणी जायचं आणि आठ दिवसांत पोरगं सुटं पोहायला लागायचं. मराठीतल्या कितीतरी आत्मकथनांत, ललित लेखांत हे बालपण प्रेमाने आलेलं आहे. पण ते वाचताना एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ती विहीर कुणाची होती? ज्याची जमीन त्याची विहीर आणि ज्याची विहीर त्याचं पोरगं पोहणार. ज्याला त्या विहिरीवर पोहरा सोडायचीही बंदी होती, ज्याच्या आईला घागर घेऊन लांब उभं राहून कुणाला तरी पाण्याची विनवणी करावी लागत होती, त्याचं पोरगं त्या विहिरीत उडी कुठून मारणार?

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आपण लढलो. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. तो कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडला जावं लागलं. तळं ‘बाटलं’ म्हणून सवर्णांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ केलं. पुढे दहा वर्षं खटला चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं! जिथे ओंजळीने पाणी पिण्यावर एवढा गदारोळ झाला, तिथे सबंध देह पाण्यात बुडवून पोहण्याची गोष्ट कुणी काढली असती?

पोहण्यात अख्खा देह पाण्याला लागतो. जातीची सगळी भीती त्या स्पर्शाचीच होती. म्हणून पिण्याचं पाणी मिळाल्यावरही पोहण्याचं पाणी आपल्याला मिळालं नाही, आणि आपणही ते मागितलं नाही. आई पोराला सांगत राहिली, पाण्याजवळ जाऊ नको. त्या सांगण्यात माया होती, काळजीही होती. पण मुळाशी जुनी बंदीच होती. पिढ्या गेल्या, बंदीचं नाव पुसलं गेलं आणि तिची फक्त भीती उरली.

मावळचं पाणी

आता मावळ पाहा. या तालुक्याला पाण्याची काय कमतरता आहे? पवना, वळवण, शिरोता, आंद्रा, भुशी. पावसाळ्यात चार महिने आभाळ फाटलेलं असतं. इंद्रायणी आणि पवना इथेच जन्माला येतात. आणि याच तालुक्यात पाण्याने माणसं मरतात. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला आणि चार जण गेले. देशात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार वर्षाला ३५ हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात. वाहत्या लोंढ्यापुढे पट्टीचा पोहणाराही टिकत नाही, हे खरं. पण बुडणाऱ्यांत पोहता न येणारे किती असतील, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. दर वेळी मृतदेह शोधायला शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्थानिक तरुण जीव धोक्यात घालून उतरतात. प्रशासन बंदीचा आदेश काढतं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत विसरतं. बंदी हा एकच उपाय या व्यवस्थेला सुचतो. पोहायला शिकवणं हा उपाय सुचत नाही.

पाणी कुणाचं हाही प्रश्न इथे जुना आहे. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. पवना धरणग्रस्तांचं पुनर्वसन अर्धशतक रखडलेलं आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याच्या विरोधात शेतकरी बऊरला रस्त्यावर आले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघे मारले गेले. आणि आज त्याच पवनेच्या काठाला तंबू, रिसॉर्ट आणि फाटकं आहेत. शहरातून आलेल्याला काठावर बसायला पैसे भरून जागा मिळते. ज्याची जमीन पाण्याखाली गेली त्याच्या नातवाला त्याच पाण्याकडे जायला वाट विचारावी लागते.

इथे संविधानाचं कलम १५(२) आठवा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांपैकी जे सरकारी पैशाने राखलेलं किंवा जनतेसाठी खुलं केलेलं आहे, त्याच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणालाही अडवता येणार नाही, असं ते कलम सांगतं. तलाव आणि रस्ते, दोन्ही त्यात आहेत. ट्रायथलॉनला दुसरं काय लागतं? एक तलाव आणि एक रस्ता. महाडच्या तळ्यापासून जो हक्क सुरू झाला, तो प्यायच्या पाण्यावर थांबवण्याचं काही कारण नाही.

सुरुवात कशी करायची?

नुसतं भाषण नको, काम सांगा, असं तरुण आम्हाला म्हणतात. रास्त आहे. म्हणून काम सांगतो.

पहिलं काम, पोहणं. ते फक्त जलतरण तलावातच शिकायचं, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली. धरणात, खाणीच्या डबक्यात, नदीच्या डोहात शिकायला जायचं नाही. मावळातल्या धरणांचा काठ एकदम खोल होतो, तळाला गाळ आणि झाडांची बुंधं असतात, पाणी गार असतं आणि काठावर दिसणारं शांत पाणी फसवतं. तलावात पहिले काही दिवस फक्त श्वास शिकायचा. तोंड पाण्यात घालून नाकातोंडाने हवा सोडायची, मान वळवून घ्यायची. नव्या माणसाची दमछाक हातपायांच्या कमजोरीने होत नाही, श्वास कोंडून धरल्याने होते. २५ मीटरच्या तलावात ३० फेऱ्या झाल्या की ७५० मीटर होतात. आठवड्यातून तीन दिवस गेलं तर चार-सहा महिन्यांत बहुतेकांना ते जमतं. उघड्या पाण्यात जायचं ते त्यानंतर, शिकलेल्या माणसांबरोबर, कमरेला रंगीत तरंगता फुगा बांधून आणि जिथे परवानगी आहे तिथेच. एकट्याने कधीही नाही. पावसाळ्यात तर मुळीच नाही.

दुसरं, सायकल. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, तिकडे फिरकू नका. जुना मुंबई-पुणे रस्ता आहे, पण वाहनं फार, म्हणून पहाटे आणि पुढे-मागे दिवा लावून. त्याहून बरा रस्ता कामशेतहून पवनानगरचा. चढ-उतार आहेत आणि वाटेत बेडसे लेणी लागतात. चढाचा सराव हवा असेल तर लोणावळ्याहून अ‍ॅम्बी व्हॅलीकडे जाणारा रस्ता आहे. सायकल लोखंडी असली तरी चालेल. पेपर टाकणारा, दूध घालणारा, डिलिव्हरी करणारा मुलगा हा अर्धा सायकलपटू असतोच. त्याच्या पायांत जे आहे ते पैशाने विकत मिळत नाही.

तिसरं, धावणं. मळवली स्टेशनला उतरा, भाजे लेण्यांपर्यंत जा आणि परत या. दम वाढला की लोहगडाच्या पायथ्यापर्यंत जा. कार्ले, भाजे, बेडसे ही आपल्या पूर्वजांच्या धम्माची ठिकाणं आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या शिलालेखांत धेनुकाकटच्या एका सुताराचं आणि एका गांधिकाचं दान कोरलेलं आहे. कष्टकरी आणि कारागीर माणसांच्या दानातून उभ्या राहिलेल्या त्या लेण्यांच्या वाटेवर आपल्या पोरापोरींनी सरावाला जावं, याहून चांगलं मैदान कोणतं? पुणे-लोणावळा लोकल आहे, भाडं परवडतं.

आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरल्याबरोबर दहा मिनिटं धावा. पाय लाकडासारखे वाटतील. ती सवय सरावानेच जाते. खायला महागड्या पुड्या लागत नाहीत. केळं, गूळ-शेंगदाणे आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पुरतं. तयारी सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरकडून तपासून घ्या, आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा. मर्दुमकी दाखवायला हा खेळ नाही.

कुठे उतरायचं?

थेट गोव्याच्या आयर्नमॅनचं स्वप्न पाहू नका. २०१९ पासून गोव्यात अर्ध्या आयर्नमॅनची स्पर्धा होऊ लागली, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर. ती मोठी गोष्ट आहे, पण ती शेवटची पायरी समजा. पहिल्या पायऱ्या जवळ आहेत. पोहण्यासाठी मालवणच्या चिवला किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते, तिथे वयोगटांनुसार लहान-मोठी अंतरं असतात. सायकलसाठी ब्रेव्हे आहेत. त्यात शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे एवढंच. कोणतीही सायकल चालते, फक्त दिवे आणि चमकणारं जाकीट लागतं. डोंगरी धावण्यासाठी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन आहे. लोणावळ्यात ३५ आणि ५० किलोमीटरची टाटा अल्ट्रा मॅरेथॉन झालेली आहे. आणि तिन्ही खेळ जुळले की कोल्हापूर. तिथे राजाराम तलावात पोहणं असलेली बर्गमॅन ट्रायथलॉन होते. तारखा आणि शुल्क दर वर्षी बदलतात, म्हणून नाव नोंदवण्याआधी नियमावली पूर्ण वाचा. किती वेळात पूर्ण करायचं आणि सायकलचे नियम काय, हे आधीच कळलं पाहिजे.

आणि आमचा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला : पहिल्यांदा रिलेत उतरा. अनेक ट्रायथलॉनमध्ये तिघांचा संघ चालतो. एक पोहतो, एक सायकल चालवतो, एक धावतो. मावळात पवनेकाठच्या कातकरी पाड्यावरचा मुलगा लहानपणापासून मासे धरतो, पाणी त्याच्या अंगवळणी आहे. पेपर टाकणारा मुलगा सायकलवर आहे. आणि भरतीची तयारी करणारी आमची मुलगी पाच किलोमीटर न थांबता धावते. या तिघांपैकी एकट्याला पूर्ण स्पर्धा झेपणार नाही. तिघांना मिळून आजच झेपेल. जातव्यवस्थेने एकेकाला एकेक काम वाटून देऊन आपल्याला वेगवेगळं ठेवलं. ते तुटलेले तुकडे एका संघात जोडले तर त्याला चळवळ म्हणता येईल. आणि पुढच्या वर्षी तिघांनी एकमेकांना आपापला खेळ शिकवायचा.

मुलींबद्दल वेगळं सांगितलं पाहिजे. त्यांच्यापुढे अडसर दुप्पट आहेत. अंधारात रस्त्यावर एकटं धावता येत नाही, पोहण्याच्या कपड्यांवरून घरात भांडण होतं, पाळीच्या दिवसांत काय करायचं हे सांगायला कुणी नसतं. यावर उपाय आहेत. अंगभर झाकणारे पोहण्याचे कपडे मिळतात, महिलांची वेगळी वेळ मागता येते, सरावाला गटाने जाता येतं. पण घरातल्या पुरुषांनी आधी वाटेतून बाजूला व्हावं लागेल. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीसारख्या दुष्काळी गावातली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. गावातली मुलगी कुठवर जाऊ शकते, याचा आणखी काय पुरावा हवा?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्यातूनच येतो. शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, नोकऱ्या कंत्राटी झाल्या आहेत, अत्याचार थांबत नाहीत, आणि तुम्ही पोहायला कसले सांगता? आमचं उत्तर असं. चळवळीने देहाचा विचार कधी सोडला होता? समता सैनिक दलाची शिस्त, कवायत, संचलन हे महाडच्या काळापासून आपल्यात आहे. बोर घाटातला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, तो खोदताना हजारो मजूर दगावले. त्याच घाटातून मुंबई-पुणे सायकल शर्यत जाते आणि घाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंगरोबा धनगराचं मात्र रस्त्याकडेला एक छोटं देऊळ आहे, बस्स. कष्टकऱ्यांचा देह नेहमी दुसऱ्याच्या कामासाठी वापरला गेला. तोच देह स्वतःच्या आनंदासाठी, स्वतःच्या सामर्थ्यासाठी वापरणं हाही माणूसपणाचाच हक्क आहे. आणि पोहता येणं हा तर जगण्याचा हक्क आहे. भरतीतही ते कामाला येतं, पुरातही.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो : खेळात जात कुठे असते? त्यांना आम्ही पळवणकर बाळू यांची आठवण करून देतो. चांभार समाजातला हा गोलंदाज पुण्यातच घडला. इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची कामं करता करता तो नेटमध्ये त्यांच्या फलंदाजांना गोलंदाजी टाकत असे. हिंदूंच्या संघाने त्याला खेळायला घेतलं, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले आणि तरी कर्णधारपद त्याला मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हा भाग वेगळा. त्यांच्या वाट्याला आलेला अपमान त्यामुळे खोटा ठरत नाही. तेव्हा भांडं वेगळं होतं. आज भांडी एक झाली, पण तलावाचं शुल्क, तलावाची वेळ आणि "कुठून आलात?" हा प्रश्न तेच काम करतात.

आमच्या मागण्या

एक : मावळ तालुक्यात आणि पिंपरी-चिंचवड परिसरात ज्या ज्या जलतरण तलावाला सरकारी पैसा लागला आहे, तिथे अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि धरणग्रस्त कुटुंबांतल्या मुलामुलींसाठी रोज एक तास मोफत असावा, शिकवणाऱ्यासह.

दोन : सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहं आणि आदिवासी आश्रमशाळा यांत पोहणं शिकवणं बंधनकारक व्हावं. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी दुसरीकडे वळतो, त्यातला थोडा इथे लागला तर जीव वाचतील.

तीन : ज्या स्पर्धेसाठी सार्वजनिक रस्ता बंद होतो, पोलीस बंदोबस्त लागतो, तलाव वापरला जातो, तिच्या आयोजकांनी शंभरातल्या किमान पाच जागा स्थानिक गरीब मुलामुलींना बिनशुल्क द्याव्यात. परवानगीच्या अटीतच हे लिहावं.

चार : ही मागणी आपल्याच मंडळांकडे आहे. जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा डीजेऐवजी पोहण्याच्या शुल्कावर खर्च करा. एक हेल्मेट, दोन सायकली, दहा मुलांचं तीन महिन्यांचं शुल्क, एवढ्यावर एक संघ उभा राहतो. डीजेच्या भिंतीसमोर नाचून झाल्यावर हातात काय उरतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी मावळच्या उंबरठ्यावर, देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. तळेगावात त्यांचा बंगला आहे. या भूमीशी त्यांचं नातं आहे, म्हणून आपण इथे दर वर्षी जमतो, अभिवादन करतो, परत जातो. यंदा परत जाताना एवढं ठरवू या, की ज्या पोराला पोहता येत नाही त्याचं नाव लिहून घ्यायचं.

पेपर टाकणारा तो मुलगा सध्या शिकतो आहे. महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ सहकारी त्याला आठवड्यातून दोन दिवस घेऊन जातात. त्याच रेजिमेंटचा जवान असलेल्या बीडच्या अविनाश साबळेने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेतलं, ते त्यांनी त्याला दहा वेळा तरी सांगितलं असेल. पहिले पंधरा दिवस पोराने कठडा सोडला नाही. आता पंचवीस मीटर जातो आणि धापा टाकत उभा राहतो. तीस फेऱ्यांपैकी एक झाली आहे. त्याची आई एकदा बघायला आली होती. पूर्ण वेळ उभी होती, बसली नाही. तो बाहेर आल्यावर तिने त्याचं डोकं पदराने पुसलं आणि आमच्या सहकाऱ्यांना विचारलं, "धाकटीला कधीपासून आणू?"

बाकीच्या एकोणतीस फेऱ्या आपण सगळ्यांनी मिळून पूर्ण करायच्या आहेत.

जय भीम. जय संविधान.